‘कम्प्युटर येतो का?’ : अर्जातल्या एका रकान्याची समीक्षा



समीक्षा म्हटली की पुस्तकाची होते, नाटकाची होते, फार तर सिनेमाची. आज आम्ही एका रकान्याची समीक्षा करणार आहोत. अर्जातला रकाना. नोकरीचा अर्ज घ्या, क्लासचा प्रवेशअर्ज घ्या, अगदी लग्नाचा बायोडाटा घ्या, त्यात कुठेतरी ‘संगणकाचे ज्ञान’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे कुणी ‘उत्तम’ लिहितं, कुणी ‘बेसिक’, कुणी ‘एमएस-सीआयटी’, तर कुणी नुसतंच ‘होय’. (हशा) हसू येतं खरं, पण या एका शब्दावर माणसं निवडली जातात आणि गाळली जातात. आणि हा शब्द त्या माणसानं स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेला असतो. म्हणजे परीक्षार्थी तोच, परीक्षक तोच, आणि प्रश्नपत्रिका मात्र कुणीच काढलेली नाही. या रकान्यात नेमकं काय मोजलं जातं, हा आजचा विषय.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आम्ही म्हणजे एका तालुक्याच्या गावात संध्याकाळचे संगणक वर्ग घेणारे तिघं-चौघं. आमच्या प्रवेशअर्जावर बरीच वर्षं तीन चौकटी होत्या: नवशिका, मध्यम, प्रगत. ज्यानं जिथं टिक केली, त्याला त्या बॅचमध्ये बसवायचं. सोपी पद्धत. एका वर्षी एक ताई आल्या. पतसंस्थेत कामाला, वय पंचेचाळीसच्या पुढे. त्यांनी ‘नवशिका’वर टिक केली आणि शेजारी लिहिलं, ‘काही येत नाही’. त्याच दिवशी एक मुलगा आला, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. त्यानं ‘प्रगत’वर टिक केली. दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे भरलं होतं, हे आधीच सांगतो. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

ताई नवशिक्या बॅचमध्ये बसल्या. तिथं पहिला आठवडा माऊस कसा धरायचा, डबल क्लिक म्हणजे काय, संगणक बंद कसा करायचा, यात जातो. त्या गप्प बसून सगळं करत होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “सर शिकवताहेत म्हणजे त्यातही काही असेल, असं वाटलं.”

तिसऱ्या आठवड्यात गावात विजेचा घोळ झाला. दोन खोल्यांपैकी एकाच खोलीत इन्व्हर्टर. म्हणून आम्ही दोन्ही बॅच एकत्र बसवल्या आणि सगळ्यांना एकच काम दिलं. एक्सेलमधली सहाशे सभासदांची यादी: एका स्तंभात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात ठेवीची रक्कम. ती आडनावाप्रमाणे लावायची, पीडीएफ करायची आणि मेलनं पाठवायची.

मुलानं नावांचा स्तंभ निवडला, सॉर्टचं बटण दाबलं. आता इथं एक्सेल एक प्रश्न विचारतं. ‘एक्सपांड द सिलेक्शन’ की ‘कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन’? म्हणजे शेजारचे स्तंभही बरोबर हलवू, की फक्त हाच हलवू? त्यानं दुसरा पर्याय दाबला. वाचलाच नव्हता. नावं झटकन अकारविल्हे लागली. गावं आणि रकमा मात्र जागच्या जागी राहिल्या. म्हणजे एकाची ठेव दुसऱ्याच्या नावावर गेली. अशी सहाशे नावं. खाली बेरीज पाहिली तर ती आधी होती तेवढीच, कारण रकमा हलल्याच नव्हत्या. त्याला वाटलं, जमलं. चार मिनिटांत मेल पाठवून मोकळा. खोलीत सगळ्यांत पहिला.

ताईंना पंचवीस मिनिटं लागली. त्यांनी आधी मूळ फाईलची एक कॉपी काढून तिला तारखेचं नाव दिलं. मग कॉपीवर काम केलं. सॉर्ट करताना तो प्रश्न आला तेव्हा थांबल्या, वाचला, बरोबर पर्याय निवडला. झाल्यावर जुन्या यादीतली तीन नावं घेतली, एक वरचं, एक मधलं, एक खालचं, आणि त्यांच्या रकमा नव्या यादीत जुळतात का ते पाहिलं. मगच पीडीएफ.

आम्ही विचारलं, “ताई, हे कुठे शिकलात?” तर म्हणाल्या, “शिकले कुठे? एकदा चुकलं होतं, तेव्हापासून असंच करते.” पुढे बोलता बोलता कळलं की पतसंस्थेत दिवसअखेर त्याच काढतात, महिन्याच्या याद्या त्याच करतात, व्याजाचा तक्ता त्यांनीच बसवलाय. आणि त्याच संस्थेत वरची एक जागा निघाली होती तेव्हा त्यांनी अर्जच केला नव्हता. का? जाहिरातीत लिहिलं होतं, ‘संगणकाचे चांगले ज्ञान आवश्यक’. “मला कुठे येतो कम्प्युटर, मला आपलं आमचं कामापुरतं येतं,” असं त्यांचं म्हणणं.

आता यात नुकसान कुणाचं झालं बघा. त्यांचं एक पद गेलं, आमच्याकडे तीन आठवडे गेले. मुलाचंही झालं, कारण ‘प्रगत’ बॅचमध्ये बसवून आम्ही त्याच्या चुकीच्या समजुतीवर शिक्का मारला होता. आणि ती यादी सरावाची नसून खरी असती तर? म्हणून हा रकाना आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आता रकान्याकडे वळू. त्याचे दोष आम्हाला तीन दिसतात.

पहिला दोष असा की तो विशेषण मागतो. उत्तम, मध्यम, बेसिक. विशेषणाला नेहमी कशाची तरी तुलना लागते. उंच म्हणजे कुणापेक्षा उंच? तो मुलगा स्वतःची तुलना घरातल्या मंडळींशी करत होता. घरात वायफाय तो लावतो, आजोबांचा फोन तो दुरुस्त करतो, वीजबिल तो भरतो. त्या घरात तो प्रगतच आहे! ताई स्वतःची तुलना करत होत्या पुण्याहून सॉफ्टवेअर बसवायला येणाऱ्या इंजिनिअरशी. त्याच्यापुढे त्या नवशिक्याच. दोघांचीही उत्तरं आपापल्या तुलनेत बरोबर आहेत, आणि अर्ज वाचणाऱ्याला तुलना कुठेच दिसत नाही.

दुसरा दोष, ‘संगणक’ हा एकच विषय आहे असं तो धरून चालतो. वाहन चालवण्याच्या परवान्यावरसुद्धा दुचाकी वेगळी, चारचाकी वेगळी, अवजड वाहन वेगळं लिहिलेलं असतं. इथं मात्र टायपिंग, हिशेबाचा तक्ता, छपाईची मांडणी, प्रोग्रॅमिंग, फाईल जपून ठेवणं, फसवा मेल ओळखणं, सगळं एका ‘ज्ञाना’त कोंबलेलं.

तिसरा दोष, यात काळ नाही. कधीचं ज्ञान? २००६ साली केलेला कोर्स आणि काल केलेलं काम, दोन्हीला एकच ‘होय’.

काही जण म्हणतील, मग कौशल्य मोजायचंच नाही का? मोजता येतं की. आपल्याकडेच त्याचा चांगला नमुना आहे, आणि तोही जुना. टंकलेखन. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? ‘टंकलेखनाचे चांगले ज्ञान’ असं नसतं. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, असं असतं. उतारा समोर, घड्याळ समोर, चुका मोजायच्या. ‘माझं टायपिंग इंटरमीडिएट आहे’ असं म्हणायची सोयच नाही. टाइपरायटर गेले, संगणकावर टंकलेखन आलं, तरी ही रीत टिकली. मग टंकलेखनाला आपण आकडा मागतो आणि बाकी सगळ्या संगणकाला विशेषण, असं का? आमच्या मते उत्तर साधं आहे. विशेषण मागणं विचारणाऱ्याला सोपं जातं. त्याला स्वतःला नेमकं कोणतं काम करून घ्यायचंय हे ठरवावं लागत नाही.

बरं, माणसाला स्वतःची पातळी का कळत नाही, यावर संशोधन झालेलं आहे. त्यातलं एक तुम्ही ऐकलं असेल. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, १९९९ साली त्यांचा निबंध आला. त्यांनी विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र, इंग्रजी व्याकरण आणि विनोदाची जाण अशा चाचण्या दिल्या, आणि विचारलं, इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसाल? सगळ्यांत खालच्या चौथ्या हिश्श्यातली मंडळी शंभरांच्या रांगेत सरासरी खालून बाराव्या जागी होती, आणि स्वतःला समजत होती बासष्टाव्या जागी.

हल्ली हा निबंध लोक शिवी दिल्यासारखा वापरतात. ‘अमक्याला डनिंग-क्रुगर झालाय.’ (हशा) हा गैरवापर आहे. एक तर त्यांनी संगणकाची चाचणी घेतली नव्हती. दुसरं, अशा निष्कर्षाचा काही भाग निव्वळ आकडेवारीच्या स्वभावातून येतो, असा आक्षेप नंतर अभ्यासकांनी घेतलेला आहे. चाचणीतले गुण आणि स्वतःचा अंदाज, दोन्हीत थोडा गोंधळ असला की टोकाची माणसं आपोआप मध्याकडे सरकलेली दिसतात. तेव्हा ‘अडाणी तेवढा घमेंडखोर’ एवढाच अर्थ काढायचा असेल तर तो निबंध न वाचलेला बरा.

पण त्यात दोन गोष्टी आहेत, ज्या सहसा कुणी सांगत नाही, आणि आमच्या विषयाला त्याच लागू पडतात. एक, वरच्या हिश्श्यातल्या लोकांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली बसवलं होतं. कारण त्यांना वाटत होतं, मला आलं म्हणजे सगळ्यांनाच आलं असेल. मग संशोधकांनी वरच्या आणि खालच्या हिश्श्यांतल्या लोकांना दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. तेव्हा वरच्यांनी आपला अंदाज सुधारून वर नेला. खालच्यांनी सुधारला नाही. कारण चांगलं उत्तर समोर असलं तरी ते चांगलं आहे हे ओळखायला तेच ज्ञान लागतं, जे त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या ताईंचं असंच झालं. वीज गेली म्हणून त्यांना दुसऱ्यांचं काम दिसलं. तोपर्यंत आपण फाईलची कॉपी काढतो ही काही खास गोष्ट आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरी गोष्ट, खालच्या हिश्श्यातल्या लोकांना तर्काचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर त्यांनी स्वतःचा अंदाज खाली आणला. याचा अर्थ काय? शिकायला लागल्यावर ‘आपल्याला वाटलं तेवढं येत नाही’ असं वाटणं ही प्रगती आहे. आमच्याकडे दोन आठवड्यांनी कुणी म्हणालं, “सर, मला आधी जास्त येत होतं असं वाटतंय,” तर आम्ही आता त्याला म्हणतो, पेढे वाट.

आणखी एक अभ्यास सांगतो, तो थेट आपल्या विषयातला आहे. एस्टर हार्गिटाई आणि स्टीव्हन शेफर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंटरनेट वापरणाऱ्या स्त्री-पुरुषांना प्रत्यक्ष कामं करायला दिली, आणि वेगळं विचारलं की तुम्हाला किती येतं. प्रत्यक्ष कामात स्त्री-पुरुषांत फार फरक निघाला नाही. स्वतःला दिलेल्या मापात मात्र निघाला. स्त्रियांनी स्वतःला कमी लेखलं. अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथली माणसं वेगळी. पण आमच्या प्रवेशअर्जांच्या जुन्या फाईलमध्ये ‘काही येत नाही’ असं कुणाच्या अक्षरात जास्त वेळा लिहिलेलं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणजे हा रकाना सगळ्यांना सारखाच चुकीचा मोजत नाही. तो बिनधास्त माणसाला वर ढकलतो आणि सावध माणसाला खाली. आणि हिशेबाच्या कामाला आपल्याला हवा असतो सावध माणूस!

मग लोक म्हणतात, विशेषण नको तर प्रमाणपत्र बघा. ठीक आहे, प्रमाणपत्राकडे बघू. महाराष्ट्रात प्रमाणपत्र म्हणजे एमएस-सीआयटी. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननं २००१ साली तो कोर्स सुरू केला. पुढे कितीतरी सरकारी पदांसाठी तो संगणक अर्हता म्हणून धरला गेला. या कोर्सची टिंगल करणं सोपं आहे आणि आम्ही ती करणार नाही. ज्या काळात गावात संगणक फक्त बँकेच्या काचेपलीकडे दिसायचा, त्या काळात या कोर्सनं लाखो माणसांना माऊसला हात लावायला दिला, आणि मराठीतून शिकवलं. ते मोठं काम आहे.

आमची तक्रार प्रमाणपत्राच्या वापराबद्दल आहे. त्या दिवशी, त्या यंत्रावर, त्या प्रश्नांची उत्तरं या माणसाला आली, एवढं प्रमाणपत्र सांगतं. ते शिळं होतं, पण त्यावर ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असं छापलेलं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी पास झालेला आणि त्यानंतर कधीही तक्ता न उघडलेला माणूस अर्हताधारक असतो. आणि व्याजाचा तक्ता बसवणाऱ्या ताई अर्हताधारक नसतात.

तिसरा मार्ग आहे कामांच्या यादीचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, यांनी संगणक कौशल्याची पाहणी करायला अशी यादी वापरली. फाईल किंवा फोल्डर कॉपी करणं, कॉपी-पेस्ट, जोडपत्रासह ईमेल पाठवणं, तक्त्यात साधं गणिती सूत्र घालणं, नवं उपकरण जोडणं, सॉफ्टवेअर शोधून बसवणं, सादरीकरण तयार करणं, एका यंत्रातून दुसऱ्यात फाईल नेणं, आणि प्रोग्रॅम लिहिणं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत यावर एक निर्देशांक बेतलेला आहे, आणि आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही अशी यादी विचारली गेली. हा मार्ग विशेषणापेक्षा कितीतरी बरा. क्रियापद आलं. आणि आयटीयूच्या पद्धतीत काळही आला, कारण तिथं ‘गेल्या तीन महिन्यांत केलंत का’ असं विचारायचं असतं.

तरी एक भोक राहतंच. सूत्र घालता येतं का? हो. त्या मुलानंही ‘हो’च म्हटलं असतं, आणि सॉर्ट करता येतं का विचारलं असतं तरी ‘हो’. त्यानं सॉर्ट केलंच होतं की! यादी विचारते, केलं का. बरोबर झालं का, आणि ते तुला कसं कळलं, हे ती विचारत नाही.

प्रत्यक्ष करून घेतल्यावर काय दिसतं, याचा एक मोठा नमुना आहे. ओईसीडी या संघटनेनं प्रौढांच्या कौशल्यांची पाहणी केली, पीआयएएसी नावाची. २०११ पासून तिच्या फेऱ्या झाल्या, बहुतेक श्रीमंत देशांत. भारत त्यात नव्हता. त्यात संगणकावर प्रत्यक्ष कामं दिली होती. सगळ्यांत वरच्या पातळीचं एक काम ऐका: बैठकीच्या खोलीसाठी आलेल्या मागण्या वाचायच्या, आरक्षणाच्या पडद्यावर त्या बसवायच्या, एक मागणी बसत नाही हे लक्षात आलं की त्या माणसाला मेलनं नकार कळवायचा. बस्स, एवढंच. आपल्याकडे मंगल कार्यालयाचा मॅनेजर वहीत हे रोज करतो. पण ही वरची पातळी गाठणारे प्रौढ निघाले साधारण वीसांत एक. आणि जवळपास चौथा हिस्सा लोकांनी संगणकावर चाचणी दिलीच नाही, किंवा देऊ शकले नाहीत. हे श्रीमंत देशांतलं चित्र. अवघड काय होतं? बटणं काही फार अवघड नव्हती. एक मागणी बसत नाहीये, हे आपलं आपल्याला लक्षात येणं, ते अवघड होतं.

इथं आमच्या म्हणण्याचा गाभा आला. संगणकाचं कौशल्य काम सुरळीत चालू असताना दिसत नाही. ते दिसतं काहीतरी चुकतं तेव्हा. आणि त्यातही पहिली पायरी म्हणजे चुकलंय हे कळणं.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. मराठी डीटीपी करणारे ऑपरेटर. आम्ही असे लोक पाहिलेत, जे जुन्या फॉन्टमध्ये डोळे मिटून टाइप करतात. वेग असा की बघत राहावं. श्रीलिपी म्हणा, कृतिदेव म्हणा, वर्षानुवर्षांचा हात. पण त्या जुन्या पद्धतीत यंत्राच्या पोटात साठतात इंग्रजी किंवा इतर खुणांचे आकडे, आणि पडद्यावर त्यांना मराठीचा वेश चढवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडा, ‘महाराष्ट्र’च्या जागी कसली तरी किडूकमिडूक अक्षरं दिसतात. शोधायला ‘पाटील’ टाइप करा, सापडत नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. तरी पुढची कितीतरी वर्षं पुस्तकंच्या पुस्तकं जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत राहिली, आणि आज ती बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात. त्या ऑपरेटरची पातळी काय म्हणायची? वेगाच्या मापानं वरची. पण आपण साठवतोय ते यंत्राच्या दृष्टीनं मराठी नाहीच, हे कळण्याच्या मापानं? छापील पान सुरेख येत होतं, म्हणून चूक कुणाला दिसलीच नाही.

आणि हे फक्त गावात घडतं असं नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळल्याचं उघड झालं. कारण काय, तर प्रयोगशाळेकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. वरची माहिती गेली, त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवता आलं नाही. तिथं बसलेल्या लोकांनी अर्जात ‘प्रगत’च लिहिलं असणार, आणि चुकीचं लिहिलं नसेल. पण ओतलेल्या ओळी किती आणि मावलेल्या किती, हे ताळ्याचं काम वेळेत झालं नाही. आमच्या ताईंनी तीन नावं तपासली, ती याच जातीची गोष्ट.

मग रकान्याच्या जागी काय ठेवायचं? आम्ही आमच्या अर्जावरच्या तीन चौकटी काढून टाकल्या. आता ज्याला जे काम येतं असं वाटतं, त्या एका कामाबद्दल आम्ही चार प्रश्न विचारतो. तुम्हीही स्वतःला विचारून बघा.

एक: हे शेवटचं कधी केलं? दोन: एकट्यानं केलं, की शेजारी कुणी होतं? तीन: बरोबर झालं हे कशावरून कळलं? चार: बिघडलं असतं तर परत मूळ जागी कसे आला असता?

पहिले दोन प्रश्न कुणीही पटकन सांगतं. तिसऱ्याला बहुतेक जण अडतात. ‘एरर आली नाही म्हणून’ हे सगळ्यांत जास्त मिळणारं उत्तर. (हशा) त्या मुलालाही एरर आली नव्हती. उलट यंत्रानं त्याला आधी विचारलं होतं. चौथ्या प्रश्नावर ज्याच्याकडे उत्तर असतं, त्याची भीती गेलेली असते. मूळ फाईल सुरक्षित आहे हे माहीत असलेला माणूस नवीन बटण दाबून बघतो, आणि शिकतो. ज्याच्याकडे उत्तर नसतं, तो एक तर काहीच दाबत नाही, नाहीतर न वाचता सगळं दाबतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला, हेही शेवटी स्वतःच स्वतःबद्दल सांगणंच झालं. मान्य. पण ‘उत्तम’ हा शब्द पडताळता येत नाही. ‘गेल्या महिन्यात सहाशे नावांची यादी लावली, तीन रकमा जुन्या यादीशी जुळवल्या’ हे वाक्य पडताळता येतं. समोर बसवून पाच मिनिटांत.

दुसरा आक्षेप नोकरी देणाऱ्यांचा. दोनशे अर्ज आले तर एवढं वाचायचं कुणी? त्यावर आमचं म्हणणं असं की दोनशे वेळा ‘उत्तम’ वाचून तरी तुम्हाला काय मिळतं? गाळणी मोठ्या भोकांची असली की वेळ वाचतो, पण चहात चोथा येतो. त्यापेक्षा तुमच्या कार्यालयातलं रोजचं एक काम निवडा, त्यातली खरी नावं काढून टाका आणि दहा मिनिटं करायला द्या. काम निवडताना तुमचं तुम्हालाच कळेल की तुम्हाला नेमका कसला माणूस हवाय.

तिसरा आक्षेप अलीकडचा. आता तर यंत्राला मराठीत सांगितलं की तेच सूत्र लिहून देतं, तक्ता लावून देतं. मग पातळी कशाला मोजायची? आम्हाला उलट वाटतं. काम जेवढं सहज होईल, तेवढं ते बरोबर झालंय हे पाहणं आपल्यावर येतं. पहिले दोन प्रश्न कदाचित जुने होतील. तिसरा आणि चौथा होणार नाहीत.

या चार प्रश्नांनी आमचं सगळं भलं झालं, असा दावा नाही. बॅच लावायला आता जास्त वेळ जातो. काही लोकांना हे प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतात, ते निघून जातात. आणि जी गोष्ट माणसानं कधी केलीच नाही, तिची पातळी या प्रश्नांनीही कळत नाही.

त्या ताईंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती वरची जागा भरली गेली होती, ती काही परत निघाली नाही. त्या मात्र नवशिक्या बॅचमधून उठल्या आणि पुढचे दोन महिने आमच्याकडे तक्ते शिकवायला मदत करत होत्या. तो मुलगा त्यांच्याच समोर बसायचा. पहिल्या दिवशी त्याला त्यांनी एवढंच सांगितलं, “आधी कॉपी काढ बाळा, मग काय वाटेल ते कर.”

आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या बायोडाटातली ती ओळ काढा. त्या जागी गेल्या तीन महिन्यांत तुम्ही एकट्यानं केलेलं एक काम लिहा, आणि ते बरोबर झालं हे कसं पाहिलंत तेही लिहा. काहींची ओळ लहान होईल. काहींना, विशेषतः ‘मला काही येत नाही’ म्हणणाऱ्यांना, कागद पुरणार नाही.